विश्लेषण : पेट्रोल जाते कुठे? जुन्या मोटारीच्या काट्यावर किती विश्वास ठेवायचा?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागल्यापासून जुन्या मोटारींच्या मालकांची एक तक्रार वाढली आहे : ‘काटा पूर्वीपेक्षा लवकर खाली येतो.’ कोणी इथेनॉलला दोष देतो, कोणी पंपावर माप कमी मिळाल्याचा संशय घेतो. यवतमाळसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा नाही. एमएच-२९ क्रमांकाची जुनी अ‍ॅम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी, जीप किंवा मारुती ८०० अनेक घरांत आजही कामापुरती चालवली जाते. त्यातच २० वर्षांपुढील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने पाच हजारांवरून १० हजार रुपये झाले. गाडी ठेवायची तर खर्चाचा हिशेब लागणार, आणि तो बहुतेक जण डॅशबोर्डवरच्या काट्यावरूनच करतात. अडचण अशी, की इथेनॉल असो वा पंप, दोघांविरुद्धही साक्ष देण्याइतका हा काटा भरवशाचा नसतो. तो नेमके काय सांगतो आणि त्याला खरे बोलायला कसे लावायचे, ते समजून घेऊ.

काटा खरोखर लिटर मोजतो का?

नाही. काटा मोजतो तो तारेतून वाहणारा वीजप्रवाह. टाकीत एका दांड्याच्या टोकाला तरंगणारा फ्लोट असतो. पेट्रोलची पातळी बदलली की दांडा वरखाली होतो आणि त्याचे दुसरे टोक एका बारीक तारेच्या वेटोळ्यावर सरकते. त्यामुळे विजेला होणारा रोध बदलतो. हा रोध वायरमार्फत डॅशबोर्डवरच्या मीटरला कळतो आणि काटा हलतो. परतीच्या प्रवाहासाठी वेगळी वायर अनेक गाड्यांत नसतेच. टाकी आणि गाडीचा पत्रा हाच ‘अर्थ’. जुन्या गाडीतील निम्म्याअधिक भानगडी याच जागी जन्मतात, पण त्याबद्दल पुढे.

मीटरचे प्रामुख्याने दोन प्रकार. पहिल्यात दोन कॉइल एका लोखंडी तुकड्याला दोन बाजूंना ओढतात आणि काटा मधल्या तोलावर थांबतो. हा मीटर चटकन प्रतिसाद देतो, म्हणून वळणावर आणि खड्ड्यांत काटा नाचतो. दुसरा प्रकार इंग्रजी वंशाच्या गाड्यांत १९६० च्या दशकापासून रुळला. त्यात दोन धातूंची जोडपट्टी असते, तिच्याभोवतीची तार तापली की पट्टी वाकते आणि काटा सरकतो. इग्निशन दिल्यावर काटा सावकाश वर चढत असेल तर मीटर या जातीचा समजावा. तो शांत असतो, पण बॅटरीचा दाब बदलला की त्याचे आकडेही बदलतात. म्हणून त्याच्यामागे साधारण १० व्होल्टवर दाब स्थिर ठेवणारा छोटा स्टॅबिलायझर दिलेला असतो.

शिवाय टाकी म्हणजे काही सरळ उभा डबा नव्हे. डिकीखाली किंवा सीटमागे जागा मिळेल तसा तिचा आकार. फ्लोटचा दांडाही सरळ रेषेत न जाता कमानीत फिरतो. त्यामुळे काटा अर्ध्यावर आला म्हणजे टाकी अर्धी, हे गृहीतच चुकीचे. वरचा अर्धा भाग दीडशे किलोमीटर पुरतो आणि खालचा शंभरातच आटोपतो, असा अनुभव येतो तो यामुळे. त्यात दोष कोणाचाच नसतो. गाडी नवीन असतानाही काटा असाच होता. तेव्हा पेट्रोल स्वस्त होते, म्हणून कोणी मोजत नव्हते.

इथेनॉलमुळे काटा लवकर पडतो का?

इथेनॉलमुळे गाडीचे ‘अ‍ॅव्हरेज’ घटते, हे खरे आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या तुलनेत साधारण एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले होते, की मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकीची इंधन कार्यक्षमता ई-२० वर सहा ते सात टक्क्यांनी घटू शकते. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ही घट किरकोळ असल्याचे सांगितले. काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि पॅकिंग २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील आणि तो खर्च फार नाही, असेही मंत्रालयाचे म्हणणे होते. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मिळावा, ही जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. म्हणजे पंपावर मिळेल तेच भरायचे आहे.

आता हाच आकडा काट्यावर मांडून पाहू. यवतमाळ ते नागपूर हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. लिटरला १२ किलोमीटर देणाऱ्या गाडीला साडेबारा लिटर लागतात. सहा टक्के घट धरली तर १३.३ लिटर. फरक पाऊण लिटरच्या थोडा वर. ४० लिटरच्या टाकीत हा दोन टक्के झाला, म्हणजे जवळपास काट्याच्या जाडीइतका. इतका फरक जुन्या मीटरवर डोळ्यांना दिसणे शक्य नाही. तेव्हा ‘पूर्वी नागपूरला पोहोचल्यावर काटा अर्ध्यावर असायचा, आता पावावर असतो’ असे कोणी म्हणत असेल, तर ती घट एकट्या इथेनॉलची नाही. गळती, कार्ब्युरेटरची बिघडलेली सेटिंग किंवा काट्याचा खोटेपणा, यांपैकी काहीतरी त्यात आहे.

इथेनॉल काट्याला बिघडवते ते वेगळ्या वाटेने. फार जुन्या गाड्यांत फ्लोट बुचाच्या लाकडाचा असे आणि त्याला लाखेचे वार्निश दिलेले असे. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. वार्निश गेले की बूच पेट्रोल पिते, जड होते, बुडू लागते आणि टाकी भरलेली असूनही काटा खाली राहतो. पितळी पोकळ फ्लोटच्या डाखाला बारीक छिद्र पडले तरी हेच घडते. इथेनॉल हवेतला ओलावाही शोषून घेते. पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभ्या राहिलेल्या गाडीत टाकीच्या पत्र्याला आणि त्या बारीक तारेला गंज चढायला हे निमित्त पुरते. शिवाय वर्षानुवर्षे तळाशी बसलेला चिकट थर सुटून आधी फिल्टरमध्ये आणि मग कार्ब्युरेटरमध्ये अडकतो. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकी भरलेली ठेवावी. आत हवा कमी, तर ओलावाही कमी.

डिझेल अ‍ॅम्बेसेडर किंवा डिझेल जीपच्या मालकांना इथेनॉलची ही चिंता नाही. त्यांच्या काट्याचे बाकी सगळे दुखणे मात्र तेच.

मग पंपावर माप कमी मिळते का?

मिळूही शकते. पंपाच्या यंत्रात चिप बसवून माप मारणारी टोळी २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी उघडकीस आणली, तेव्हा महाराष्ट्रातल्या अनेक पंपांवर छापे पडले होते. त्यामुळे ग्राहकाच्या मनातला संशय अगदीच निराधार म्हणता येत नाही. पण तो सिद्ध करायचे साधन डॅशबोर्डवरचा काटा नव्हे. २० लिटर घेताना पाच टक्के माप मारले, तरी कमी मिळते ते एक लिटर. जुना काटा तेवढे दाखवणारच नाही.

त्यासाठी पंपावरच साधन असते. वैधमापन विभागाचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप प्रत्येक पंपावर ठेवणे बंधनकारक आहे आणि ग्राहकाने मागितल्यास त्यात मोजून दाखवावे लागते. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो. त्याहून कमी भरले तर वैधमापन विभागाकडे तक्रार करता येते. काटा दाखवून पंपावर हुज्जत घालण्यापेक्षा हे माप मागणे केव्हाही बरे. टाकीच्या क्षमतेपेक्षा जास्त लिटर भरल्याची पावती मिळाली, ही तक्रारही नेहमीची. त्यातही एक गोम आहे. पुस्तिकेतली क्षमता म्हणजे काठोकाठचे माप नसते. वरची मोकळी जागा आणि भरण्याची नळी धरून टाकीत थोडे जास्त पेट्रोल मावते. मावते म्हणून भरावे मात्र नाही. विदर्भातल्या मे महिन्यात जमिनीखालच्या टाकीतले थंड पेट्रोल गाडीत येऊन तापते. तापमान २० अंशांनी वाढले तर ४० लिटरमागे पाऊण लिटरच्या आसपास आकारमान वाढते आणि ते बाहेर सांडते.

काटा खोटा बोलतो, हे ओळखायचे कसे?

पहिला संशय नेहमी अर्थवर घ्यावा. टाकी ज्या पट्ट्यांवर बसते तिथे गंज, माती आणि जुना रंग साचून पत्र्याशी जोड सैल होतो. वणीकडची कोळशाची धूळ असो वा काळ्या मातीचा चिखल, गाडीच्या पोटाखाली दोन्ही घट्ट बसतात. अर्थ कमजोर झाली की रोध वाढतो आणि मीटरला वाटते पेट्रोलच बदलले. काही गाड्यांत रोध वाढला की काटा ‘ई’कडे जातो, तिथे नुकसान एवढेच की मालक वारंवार पंपावर जातो. काही गाड्यांत मात्र उलटे असते, काटा ‘एफ’कडे सरकतो आणि टाकीत नसलेले पेट्रोल दाखवतो. हा प्रकार अधिक वाईट. जोडाची जागा पॉलिश पेपरने घासून टाकीपासून चेसिसपर्यंत वेगळी अर्थ वायर टाकली, की बऱ्याच गाड्यांचा काटा त्याच दिवशी ताळ्यावर येतो. खर्च वायरचा आणि मजुरीचा. तरीही अनेकदा आधी नवे मीटर विकत घेतले जाते आणि मग अर्थ तपासली जाते.

दुसरा संशयित स्टॅबिलायझर. पेट्रोलचा आणि इंजिनाच्या तापमानाचा, असे दोन्ही काटे एकाच वेळी नेहमीपेक्षा वर राहू लागले, तर टाकी उघडायची गरज नाही. स्टॅबिलायझर अडकला आहे किंवा त्याची अर्थ गेली आहे. दोन्ही एकदम मेले तरी तपास तिथूनच सुरू करावा. जुना यांत्रिक स्टॅबिलायझर मिळत नसेल तर चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन त्याच जागी बसणारा १० व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर करून देऊ शकतो.

यानंतर मीटर आणि वायर. टाकीजवळची वायर काढली की काटा एका टोकाला जातो आणि तीच वायर क्षणभर चेसिसला टेकवली की दुसऱ्या टोकाला निघतो. कोणत्या टोकाला, हे गाडीगणिक बदलते; टोकापासून टोकापर्यंत फिरतो का, एवढेच पाहायचे. फिरला तर मीटर आणि वायर ठीक, दोष टाकीतल्या युनिटमध्ये. तापून वाकणाऱ्या पट्टीच्या मीटरवर वायर जास्त वेळ टेकवून ठेवली तर आतली तार जळते. आणि ही चाचणी टाकीच्या तोंडाशी ठिणगी पाडून करायची नाही. वायर टाकीपासून दूर आणून, उघड्या हवेत करायची. पेट्रोलची वाफ जड असते, ती खाली साचते. बंद शेडमध्ये किंवा गॅस-वेल्डिंगचे काम चालू असलेल्या गॅरेजमध्ये टाकी उघडू नये, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. फ्लोटला डाख लावण्यापूर्वी त्यातला पेट्रोलचा शेवटचा थेंबही गेलेला असला पाहिजे. तोंडाने पाइप ओढून पेट्रोल काढण्याची सवयही सोडलेली बरी.

नवे युनिट बसवले, तरी काटा उलटा का चालतो?

कारण प्रत्येक घराण्याची भाषा वेगळी. अ‍ॅम्बेसेडरचे मूळ इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डमध्ये, पद्मिनीचे इटलीच्या फियाट ११०० मध्ये, जीपचे अमेरिकेच्या विलीजमध्ये. बाजारात मिळणाऱ्या युनिटांपैकी काहींत रिकाम्या टाकीला सुमारे २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३० च्या आसपास रोध असतो. काहींत रिकामी १० आणि भरलेली १८०. काहींत शून्य ते ९०. एका जातीचे मीटर आणि दुसऱ्या जातीचे युनिट जोडले, तर काटा अर्धवट फिरतो किंवा टाकी भरताना खाली येतो. भंगार बाजारातून ‘बसते हो, बसून जाईल’ म्हणून आणलेले युनिट छिद्रात बरोबर बसते, पण मीटरशी जुळेलच असे नाही. विकत घेण्यापूर्वी दुकानातच मल्टिमीटर लावून दांडा खाली आणि वर करून दोन आकडे पाहावेत. जुन्या युनिटचे आकडे आधीच लिहून नेले तर काम पाच मिनिटांचे.

दांडा सरकवताना आकडा मध्येच गायब होत असेल, तर तार झिजली आहे. अशा गाडीत काटा नेहमी ठरावीक जागीच, बहुधा अर्ध्याच्या आसपास, अचानक पडतो आणि थोड्या किलोमीटरनंतर परत येतो. कारण बहुतेक मालक टाकी तेवढीच भरतात आणि झीजही तिथेच होते.

काटा लिटरशी कसा जुळवायचा?

दुरुस्ती झाली तरी काटा आपोआप खरा होत नाही. तो आपल्या टाकीशी जुळवून घ्यावा लागतो. रीतसर पद्धत अशी : गॅरेजमध्ये टाकी पूर्ण रिकामी करायची, सपाट जागेवर पाच-पाच लिटर भरायचे आणि दरवेळी मिनिटभर थांबून काट्याची जागा टिपायची. कामाचा एक दिवस जातो, पण निकाल पक्का.

घरगुती पद्धत याहून सोपी आहे. काटा एखाद्या खुणेवर असताना, गाडी सपाट जागी उभी करून, टाकी फुल करायची आणि किती लिटर बसले ते पावतीवरून लिहायचे. टाकीच्या क्षमतेतून ते वजा केले की त्या खुणेला उरलेले पेट्रोल कळते. उदाहरणार्थ, ४० लिटरच्या टाकीत काटा पावावर असताना ३३ लिटर बसले, तर पाव खूण म्हणजे १० नव्हे, सात लिटर. असे पाच-सहा वेळा, वेगवेगळ्या खुणांना केले, की दोन-तीन महिन्यांत आपल्या गाडीचा स्वतःचा तक्ता तयार होतो. फोनमध्ये ठेवावा किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात चिकटवावा. भरण्याची नळी सरळ असेल तर लाकडी काठीवर लिटरच्या खाचा करून डिप घेण्याची जुनी युक्तीही चालते. फोक्सवॅगनच्या बीटलला १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पेट्रोलचा काटाच नव्हता, राखीव पेट्रोलचा कॉक होता. आपल्याकडे बजाजच्या स्कूटरवर ‘रिझर्व्ह’ लावून लोकांनी उभी हयात काढली.

दांडा किंचित वाकवून काटा मागेपुढे करता येतो. दोन्ही टोके एकाच वेळी अचूक येणे अवघड, म्हणून निवड करावी लागते. ‘एफ’कडे काटा थोडा चुकला तर बिघडत नाही. ‘ई’कडे मात्र तो खरा हवा, आणि शक्य तर तीन-चार लिटर शिल्लक असतानाच ‘ई’ दाखवणारा हवा. नागपूर-हैदराबाद महामार्गावर करंजी ते पाटणबोरीच्या पट्ट्यात किंवा पुसदच्या डोंगराळ रस्त्यावर रात्री गाडी बंद पडली, तर हे तीन लिटर पुढच्या पंपापर्यंत नेतात. राळेगाव-पांढरकवडा परिसरात २०१८ मध्ये वाघिणीच्या भीतीने अंधार पडल्यावर माणसे घराबाहेर पडत नव्हती. अशा भागात ‘पेट्रोल संपले’ म्हणून रस्त्यावर उतरणे ही लहान गोष्ट नाही. बाटलीत पेट्रोल द्यायलाही अनेक पंप नकार देतात. आणि घाटात, उतारावर काट्याकडे पाहूच नये. तिथे फ्लोट पेट्रोलबरोबर एका बाजूला गेलेला असतो.

अ‍ॅव्हरेज मात्र काट्यावरून कधीच काढू नये. टाकी फुल, किलोमीटरची नोंद, पुन्हा फुल, लिटरची नोंद. सलग चार-पाच वेळा असे केले की इथेनॉलची खरी घट समोर येते. ती सहा-सात टक्क्यांच्या आसपास असेल तर तक्रार इंधन धोरणाची आहे. २०-२५ टक्के असेल तर मेकॅनिक गाठायला हवा.

काटा अर्ध्यावर, तरी गाडी बंद?

मे महिन्यातली ही हमखास घटना. पारा ४४-४५ अंशांवर असताना इंजिनाच्या उष्णतेने एसी पंपातले किंवा पाइपमधले पेट्रोल वाफ होते, कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचत नाही आणि गाडी थांबते. दोष काट्याला दिला जातो, पण तो या वेळी खरे बोलत असतो. पंपावर ओले फडके टाकून थोडा वेळ थांबले की गाडी सुरू होते. जुन्या चालकांच्या सीटखाली एक फडके आणि पाण्याची बाटली असायची ती याचसाठी.

डिजिटल मीटर बसवला तर प्रश्न सुटेल का?

रोजच्या वापराच्या मारुती ८०० ला जुळणारे युनिट आणि नवे मीटर बसवणे व्यवहार्य आहे. खरेदी करताना एका गोष्टीची काळजी घ्यावी. बाजारात फ्लोट नसलेले, सरळ नळीसारखे कपॅसिटिव्ह सेन्सरही मिळतात. ते पातळी ओळखतात ती द्रवाच्या विद्युत गुणधर्मावरून, आणि त्या बाबतीत इथेनॉल पेट्रोलपेक्षा फारच वेगळे आहे. शुद्ध पेट्रोलवर जुळवलेला असा सेन्सर ई-२० मध्ये चुकीचा आकडा दाखवतो, आणि टाकीत पाणी असेल तर आणखीच. तो पुन्हा जुळवता येणारा आहे का, हे विचारूनच घ्यावा. साधा फ्लोट या बाबतीत सरस; द्रव कोणता याच्याशी त्याला फारसे देणेघेणे नसते, फक्त तो अल्कोहोलमध्ये टिकणाऱ्या पदार्थाचा हवा.

पन्नाशी ओलांडलेल्या गाडीचे गणित वेगळे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार अशी खासगी वाहने ‘व्हीए’ मालिकेत विंटेज म्हणून नोंदवता येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. वाहन मूळ रूपात असावे, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. मीटर या यादीत येत नाही, पण मूळ डायल काढून चमकता आकडा लावलेली गाडी पारखी माणसाच्या नजरेत उतरते आणि किमतीतही. अशा गाडीत डायल आणि काटा जुनाच ठेवून मागे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर, नवी अर्थ वायर आणि टाकीत नवा फ्लोट एवढे बदलले तरी पुरते. बाहेरून काहीच दिसत नाही. काढलेले जुने युनिट मात्र भंगारात देऊ नये : त्याची लॉक रिंग, छिद्रांची मांडणी आणि दांड्याची लांबी पुढच्या दुरुस्तीच्या वेळी नमुना म्हणून लागते, आणि पद्मिनीचे किंवा अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन बंद होऊन आता बरीच वर्षे झाली आहेत.